नांगीमामांचा कागद

आमच्या प्रयोगशाळेत नवा माणूस आला की पहिल्या आठवड्यात तो एकदा तरी म्हणायचा, "मामा, मला माशी चावली." मामा हातातलं काम न थांबवता म्हणायचे, माशी चावत नाही, चावायला दात लागतात, ती डंख मारते, दाखव कुठे. मग चष्मा कपाळावर चढवून त्या बोटाकडे बघायचे, मधमाशीची नांगी रुतलेली असली तर नखाने खरवडून काढायचे आणि वर सांगायचे की गांधीलमाशी असती तर नांगी राहिली नसती, ती बया आपली वस्तू परत घेऊन जाते. हा धडा एकवीस वर्षांत मी दीडशे वेळा तरी ऐकला असेल. त्यावरूनच त्यांना नांगीमामा हे नाव पडलं. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि दर महिन्याला ते मीच लिहायचे, पण त्या नावाने त्यांना हाक मारलेली मी कधी ऐकली नाही.

मी तिथे टाइपिंग करते. शास्त्राचा आणि माझा संबंध बोटांपुरता. शोधनिबंध परक्या भाषेत असतात, आणि ती भाषा माझ्या बोटांना येते, डोक्याला नाही, असं मी सगळ्यांना मिरवत सांगायचे. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मामांचं काम म्हणजे विष गोळा करणं. गांधीलमाश्यांचं पोळं हेरून ठेवायचं, सकाळच्या गारठ्यात त्या सुस्त असताना रुंद तोंडाच्या बरणीत पकडायच्या आणि बरणी डीप फ्रीझरमध्ये ठेवायची. मग टेबलाशी बसून एकेक माशी चिमट्याने धरायची आणि दुसऱ्या चिमट्याने तिचं मागचं टोक हलकेच ओढायचं. नांगीबरोबर विषाची पिशवी बाहेर येते, मोहरीहून लहान. ती न फोडता बर्फातल्या नळीत सोडायची. अशा शंभर पिशव्या झाल्या की मामा चहा घ्यायचे, त्याच्या आधी नाही. मधमाश्यांची तऱ्हा निराळी. त्यांच्या पेटीच्या दाराशी तारा लावलेली काच ठेवायची, तारांतून हलका करंट सोडायचा, की त्या चिडून काचेला डंख मारतात. विष वाळून पांढरी भुकटी होते, ती ब्लेडने खरवडून घ्यायची. विषासाठी मुंग्याही पाळल्या होत्या, पण त्यांच्या खोलीत जायला मामा टाळाटाळ करायचे. इतक्या कामसू जातीसमोर बसलं की आपण आळशी आहोत असं वाटतं, म्हणायचे.

हे विष शुद्ध होऊन औषधं बनवणाऱ्यांकडे जायचं. ज्यांना डंखाची अॅलर्जी असते, एका डंखाने ज्यांचा गळा सुजून श्वास बंद होऊ शकतो, त्यांना त्याच विषाचे अगदी बारीक डोस वर्षानुवर्षं देऊन शरीराला सवय लावतात. मामांना याचं फार कौतुक होतं. कुठेतरी कुणीतरी बागेत बिनधास्त फिरतंय, त्यात आपल्या चिमट्याचा वाटा आहे, असं ते मानायचे. माझ्या टाइपिंगने कोण वाचलं, असं त्यांनी मला एकदा विचारलंही होतं.

प्रयोगशाळा मॅडमची. मॅडम तिथे पहिल्यांदा आल्या त्या विद्यार्थिनी म्हणून, आणि त्यांना गांधीलमाशीची भयंकर भीती होती. बरणी उघडली की त्या दाराबाहेर. मामांनी त्यांना माशीचे पंख मिटवून दोन बोटांत धरायला शिकवलं, तीन वर्षं त्यांच्या प्रबंधासाठी पोळी शोधली. तेव्हा ते त्यांना "अगं पोरी" म्हणायचे. पुढे पोरगी खुर्चीत बसली, मामा "मॅडम, तुम्ही" म्हणायला लागले, पण रानात पोळ्याखाली उभं राहिल्यावर तोंडून "अगं, मागे हो" निघायचंच आणि मॅडम मुकाट्याने मागे व्हायच्या. मलाही मॅडमचं फार कौतुक होतं. बाई हुशार, कामाला वाघ, आवाज न चढवता बोलणारी. यांच्या हाताखाली आहोत हे मी चारचौघांत सांगायचे.

अकरा वर्षांपूर्वी मॅडमनी रक्ताचा अभ्यास सुरू केला. ज्यांना आयुष्यभर डंख बसतात त्यांच्या रक्तात काय होतं ते बघायचं. काहींचं रक्त विषाला सरावतं आणि काहींचं एके दिवशी उलटतं. ते का आणि कधी, हे कुणाला नीट माहीत नव्हतं. त्यासाठी आसपासच्या गावांतले मधपाळ आणि आम्ही प्रयोगशाळेतली माणसं, अशा सगळ्यांचं दर सहा महिन्यांनी रक्त घ्यायचं ठरलं. नळीवर नाव नाही, नंबर. मामा सात, ड्रायव्हर आठ, मी नऊ. माशीपासून लांब पळणाऱ्या माणसाचं रक्त कसं असतं तेही बघायला हवं, म्हणून मला घेतलं होतं. कुठला नंबर कोणाचा ही यादी मॅडमच्या कपाटात कुलपात असायची. पण नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचे मामा, आणि ते सगळ्यांना नंबरनेच ओळखायचे. एकोणीस नंबरच्या मुलीला नोकरी लागली, एकतीस नंबरने नवीन पेट्या घेतल्या, अशा बातम्या ते मला आणून द्यायचे.

रक्त घेण्याआधी एक कागद वाचून दाखवावा लागे. तो मॅडमनी लिहिला होता आणि मीच टाइप केला होता, आपल्या भाषेत, म्हणून तो मला कळला होता. त्यात चार वाक्यं होती. तुमचं रक्त अभ्यासासाठी घेत आहोत. तुमचं नाव कुठेही येणार नाही. तुम्ही केव्हाही नाही म्हणू शकता. आणि तपासणीत तुमच्या जिवाला धोका दिसला, तर तसं तुम्हाला कागद पाठवून कळवलं जाईल. खाली देणाऱ्याची सही आणि वाचून दाखवणाऱ्याची सही. एक प्रत आपल्याकडे, एक त्यांच्याकडे. वाचून दाखवायचं काम मामांचं, कारण मधपाळ शास्त्रज्ञांपुढे अवघडायचे आणि मामांच्या हातावरचे डंखांचे डाग बघून हा आपल्यातला आहे हे त्यांना कळायचं. मामांना कागद पाठ झाला होता. शेवटी ते आपल्या पदरचं एक वाक्य जोडायचे: "आणि कागद आला नाही, तर समजा सगळं ठीक आहे. निवांत राहा."

हे पाचवं वाक्य कागदावर कुठेच नव्हतं. माणसं सुईकडे बघून घाबरायची, त्यांना धीर यावा म्हणून ते बोलायचे. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेले होते, दोन्ही वेळा ते ऐकलं आणि दोन्ही वेळा मला ते आवडलं.

आठ वर्षं हे चाललं. मग मधपाळांकडच्या फेऱ्या बंद झाल्या. मॅडम म्हणाल्या, पुरेशा नळ्या जमल्या. पुढच्या वर्षी, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, डीप फ्रीझरमधल्या सगळ्या नळ्या बाहेर काढून एकदम तपासल्या. मामांनीच त्या नंबरवार लावून दिल्या. आमचं रक्त घेणं मात्र चालूच राहिलं.

त्यानंतर केव्हातरी मामांना शिंका सुरू झाल्या. मधमाशीच्या विषाची भुकटी खरवडायला बसले की दहा-बारा शिंका, डोळ्यांना धारा. एकदा मनगटापासून कोपरापर्यंत गांधी उठल्या. त्यांनी मॅडमना सांगितलं. मॅडमनी सर्दी असेल म्हणून तोंडाला फडकं बांधायला सांगितलं आणि वहीत तारीख लिहून घेतली. मामा मला म्हणाले, "बाईंचं लक्ष बघा. माझ्या शिंकांची तारीख लिहून ठेवतात." त्यांना त्यात माया दिसली. मलाही दिसली.

तो दिवस साधाच होता. चहाच्या आधीची वेळ. मामांनी बरणी डीप फ्रीझरमधून जरा लवकर काढली असावी, कारण एक गांधीलमाशी टेबलावर जागी झाली आणि त्यांच्या बाहीत शिरली. डंख बसला तसे ते हसले, दंडावर थाप मारून त्यांनी माशी बाहेर पाडली आणि पुढची पिशवी ओढली. मी दारात कागद घेऊन उभी होते. दोन मिनिटांत त्यांनी चिमटा खाली ठेवला. मामा काम मध्येच खाली ठेवत नसत, म्हणून मी बघितलं. ओठ सुजले होते, मान लालभडक झाली होती, आणि ते काहीतरी सांगायला बघत होते पण आवाज घोगरा येत होता. मग ते स्टुलावरून खालीच घसरले.

भिंतीवरच्या लाल डब्यात, डंख उलटला तर द्यायचं अॅड्रेनलिनचं इंजेक्शन असतं. ते कसं द्यायचं हे मामाच दर वर्षी सगळ्यांना शिकवायचे, खुर्चीच्या गादीवर टोचून दाखवायचे आणि म्हणायचे की ताई, तुमच्यावर वेळ आली तर खुर्चीच समजा. मी पँटवरूनच त्यांच्या मांडीत सुई घुसवली. तोंडाने मी काहीतरी बडबडत होते. ड्रायव्हरने त्यांना उचललं. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, पण येत होता.

संध्याकाळी ते उठून बसले. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, यांचं रक्त डंखाच्या अॅलर्जीसाठी कधी तपासलं होतं का? मला हसूच आलं. म्हटलं, दर सहा महिन्यांनी, अकरा वर्षं. डॉक्टर म्हणाले, मग रिपोर्ट आणून द्या, पुढचे उपचार ठरवायला बरं पडेल.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे गेले. त्या दवाखान्यात येऊन गेल्या होत्या, मामांच्या बायकोचा हात धरून बसल्या होत्या, डोळे सुजले होते. रिपोर्टचं नाव काढताच म्हणाल्या की त्या अभ्यासाच्या नळ्या आहेत, दवाखान्याला त्यांचा उपयोग नाही, त्यांना म्हणावं नव्याने तपासा. म्हणाल्या शांतपणेच. पण हे बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, खिडकीकडे बघत होत्या.

मी जागेवर येऊन बसले. गेल्याच महिन्यात मी मॅडमच्या नव्या निबंधातला मोठा तक्ता टाइप केला होता. तो उघडला. डाव्या बाजूला नंबर, पुढे वर्षवार आकडे. बहुतेक ओळींतले आकडे वर्षानुवर्षं एकसारखे होते. सात नंबरच्या ओळीत ते बराच काळ लहान राहून मग अचानक चढत गेले होते, आणि सातावर तारा होता. एकोणीसवर तारा, एकतीसवर तारा. खाली ताऱ्याची टीप होती. शब्दकोश काढून मी ती एकेक शब्द लावून वाचली: धोका दर्शवणाऱ्या व्यक्ती, विषाशी संपर्क पूर्ववत चालू.

टाइप करताना मी विचारलं होतं, मॅडम, हे तारे काय? त्या म्हणाल्या होत्या, म्हणजे ही माणसं अजून काम करताहेत. मी बरं म्हटलं होतं आणि तारा कुठल्या बटणावर आहे ते शोधलं होतं.

तक्ता छापून घेऊन मी दवाखान्यात गेले. मामांना अक्षरं कळली नाहीत, पण आकडे वाचायला त्यांना कुणाची गरज नव्हती. बोट ठेवून ते सातवर आले, आडवं बोट फिरवत शेवटपर्यंत गेले. डॉक्टरांनी त्यांच्या हातातून कागद घेतला, वरच्या तारखा बघितल्या आणि मला विचारलं, "हे दोन वर्षांपासून माहीत होतं?"

मामा म्हणाले, "मॅडम विसरल्या असतील. कामाच्या रगाड्यात." आणि मग, माझ्याकडे न बघता, "शिंकांची तारीख लिहिली, ताई. ते नाही विसरली."

चार दिवसांनी ते प्रयोगशाळेत आले ते सरळ मॅडमच्या खोलीत. मलाही त्यांनी बोलावलं, दार उघडंच ठेवलं. मॅडम उठून उभ्या राहिल्या. मामांनी तक्ता टेबलावर ठेवला. मॅडमनी समजावून सांगायला सुरुवात केली की रक्तात दिसणं वेगळं आणि माणसाला प्रत्यक्ष होणं वेगळं, रक्तात असूनही कित्येकांना जन्मभर काही होत नाही, उगाच मामांना धास्ती लावायची त्यांना इच्छा नव्हती. हे सगळं खरंच असेल. बाई शास्त्रात खोटं बोलणाऱ्या नव्हेत. मामांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मग मला शिंका येतात म्हटल्यावर सर्दी कशाला म्हणालीस?" त्यांनी विचारलं. पंधरा वर्षांनी पहिल्यांदाच ते त्या खोलीत तिला एकेरीत बोलत होते.

मॅडम खाली बसल्या. "तुम्ही काम सोडलं असतंत, मामा. उपचार सुरू झाले असते. रक्त कसं उलटत जातं याची अकरा वर्षांची सलग रेघ कुणाकडे नाही. ती तुटली असती."

"रेघ माझी होती," मामा म्हणाले. "मला विचारायचं होतंस. तुझ्यासाठी मी चालूही ठेवलं असतं, पोरी. पण विचारायचं होतंस."

मॅडम रडल्या. मला त्यांची दया यायला हवी होती, आली नाही. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि केस ओढायला आपणही हात लावला होता हेही कळलं. तारे माझ्या बोटांनी उमटवले होते.

मामांनी तक्ता पुन्हा हातात घेतला. आपल्या ओळीवरून त्यांचं बोट खाली गेलं. "एकोणीस आणि एकतीस," ते म्हणाले. "त्यांना कागद गेला का?"

मॅडमनी मान हलवली. नाही.

यादी कपाटात कुलपात होती, पण मामांना यादीची गरज नव्हती. ते तडक खाली आले आणि मला म्हणाले, ताई, चला. मी रजेचा अर्जही टाकला नाही. बसमध्ये मामांनी एकच गोष्ट सांगितली: एकोणीस नंबरने पेट्या विकल्या होत्या, तो मुलाकडे राहायला गेला होता, त्याला आता डंखाचा धोका नाही, त्याला फोन करू. घाई एकतीसची होती. मामांच्या माहितीप्रमाणे एकतीस अजून पेट्यांवरच जगत होता. मामा खिडकीशी बसून ओठ हलवत होते. मला वाटलं काही पुटपुटताहेत. मग कळलं, ते कागदातली चार वाक्यं म्हणत होते.

एकतीस नंबरचं घर उताराच्या टोकाला, मागे झाडांची रांग आणि तिच्या सावलीत माश्यांच्या पेट्या. पेट्या दिसल्या तसा मामांच्या चेहऱ्यावर जीव आला. जवळ गेल्यावर माझ्यासुद्धा लक्षात आलं की एकाही दाराशी माशी नाही. पेट्यांची झाकणं एकावर एक रचून ठेवली होती.

दार एकतीसच्या बायकोने उघडलं. तिने मामांना लगेच ओळखलं, आत बसवलं, पाणी दिलं. मामांनी तो कुठे आहे विचारलं. ती म्हणाली, गेल्या वर्षी गेले. पेट्या हलवताना दोन-तीन डंख बसले, म्हणाले दम लागतोय, आणि पायरीपर्यंतसुद्धा आले नाहीत. इतकी वर्षं शेकड्यांनी डंख खाल्लेला माणूस. हृदय बंद पडलं असेल असं सगळे म्हणाले.

मामा हातात पेला धरून बसले होते. मीच विचारलं, घरात इंजेक्शन ठेवलं नव्हतं का, डंखावरचं?

"असायचं पूर्वी," ती म्हणाली. "त्याची मुदत संपली, मग नवीन आणलं नाही. मी पाठीस लागायचे. पण ते म्हणायचे, आपलं रक्त तपासलंय, काही असतं तर कागद आला असता. प्रयोगशाळेतले भाऊ स्वतः सांगून गेलेत, कागद आला नाही तर निवांत राहा. शेवटी शेवटी तर हातमोजेही घालत नव्हते."

ती रागाने बोलत नव्हती. राग कशाचा, तिला काही माहीतच नव्हतं. मामांनी पेला खाली ठेवला. ते तिला सांगणार होते हे मला दिसत होतं, आणि त्यांनी ते आत्ताच सांगू नये असं मला आतून वाटत होतं. "वहिनी," ते म्हणाले, "कागद होता. आमच्याकडेच पडून होता. दोन वर्षं."

तिने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग ती उठली आणि आत गेली. मला वाटलं, आता दार लावून घेईल. पण ती एक पिशवी घेऊन आली. त्यात घराची, पेट्यांची, सगळी महत्त्वाची कागदपत्रं होती. त्यातून तिने एक घडी केलेला कागद काढला आणि मामांसमोर उलगडून धरला. मी टाइप केलेला होता, चार वाक्यांचा. चौथ्या वाक्याखाली एकतीस नंबरने पेन्सिलीने रेघ मारली होती.

"हा तुम्हीच वाचून दाखवलात ना?" तिने विचारलं.

मामा म्हणाले, हो. कागदाच्या तळाशी वाचून दाखवणाऱ्याची सही होती, त्यांची, गोल वळणाची, पूर्ण नावाची. मी तो कागद वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. मॅडमची सही त्याच्यावर कुठेच नव्हती.